भातखाचरातली उतरंड : कोण कोणाला खातो आणि किती?



कुसगावच्या खाचरात भात पोटरीला आला की एखादी चूड वाकवून बुंध्याशी बघा. पाण्याच्या जरा वर तपकिरी तुडतुडे रस शोषताना सापडतील. त्यांच्या मागावर लांडगा कोळी असतो. हा जाळे विणून वाट पाहत बसत नाही. धावून भक्ष्य धरतो आणि दिवसाकाठी ५ ते १५ किडे फस्त करतो. कोळ्यावर बेडूक टपलेला, बेडकावर बांधावरची धामण, आणि धामणीवर डोंगराकडून घिरट्या घालणारा सर्पगरुड. तुडतुडे शेकड्यांनी, कोळी मोजके, धामण एखादी, आणि गरुड साऱ्या शिवारात मिळून एखादाच. असे का?

घरातली उतरंड आठवा. तळाला मोठा डेरा, त्यावर लहान मडकी, शेवटी बोळके. कोण कोणाला खातो याच्या पायऱ्या शास्त्रज्ञ अशाच रचून दाखवतात व त्याला मनोरा म्हणतात. इंग्लंडच्या चार्ल्स एल्टन यांनी १९२७ साली हा विचार पुस्तकात मांडला.

याचे कारण शक्तीच्या हिशेबात आहे. भात उन्हातून शक्ती साठवतो. तुडतुडा जे खातो त्यातले बरेचसे त्याच्या जगण्यात, हालचालीत आणि विष्ठेत खर्ची पडते. अंगी लागते थोडे. ढोबळमानाने रुपयातले १० पैसे वरच्या पायरीला पोचतात. म्हणजे भाताकडे १००० रुपये असतील तर किड्यांकडे १००, कोळ्यांकडे १०, बेडकाकडे १ आणि धामणीकडे १० पैसे. मग गरुडाला पोटासाठी सारे शिवार पालथे घालावे लागते, यात नवल ते काय!

कोणी म्हणेल, माझ्या एका आंब्यावर हजारो तुडतुडे आहेत, मग उतरंड उलटी झाली की! बरोबर आहे. नुसती डोकी मोजली तर ती उलटी दिसते. पण वजन केले तर झाडच भारी. समुद्रात तर कधी कधी वजनाचीही उतरंड उलटते, कारण तिथले बारीक शेवाळ वाढते तसे लगेच खाल्ले जाते. शक्तीची उतरंड मात्र कधीही उलटत नाही.

आता फवारणीकडे येऊ. कीटकनाशकाने तुडतुडा मरतो आणि कोळीही मरतो. पण तुडतुड्याची अंडी पानाच्या आवरणात लपलेली असतात, त्यांना औषध पुरेसे लागत नाही. काही दिवसांत पिल्ले बाहेर पडतात, आणि त्यांना धरणारा कोणी उरलेला नसतो. वरच्या पायरीवरचे कोळी मुळात थोडे, ते पुन्हा वाढायला वेळ लागतो. म्हणून फवारूनही पिकात जळाल्यासारखी गोल खळी पडतात आणि दोष औषधाच्या दुकानदाराला जातो! इंडोनेशियात हे इतके वाढले की १९८६ साली सरकारने भातावरची ५७ कीटकनाशके बंद केली.

तामिळनाडू कृषी विद्यापीठाची शिफारस इथे उपयोगाची आहे. दर फुटव्याला १ तुडतुडा दिसला की उपाय करावा. पण दर चुडीत १ कोळी असेल तर २ तुडतुड्यांपर्यंत थांबावे. म्हणजे कोळ्यामुळे सहन करण्याची मर्यादा दुप्पट झाली, तीही फुकटात.

याकरिता पंप खांद्यावर घेण्याआधी खाचरात तिरपे चाला, ठिकठिकाणच्या २० चुडी वाकवून हलक्या झटका आणि पाण्यात पडलेले तुडतुडे व कोळी वेगवेगळे मोजा. तुडतुडे वाढताना दिसले तर खाचरातले पाणी ३-४ दिवस काढून टाका आणि युरियाचा हप्ता लांबवा. फवारणी करावीच लागली तर ती बुंध्याशी आणि प्रादुर्भाव असलेल्या जागीच करा. बांधावरचे गवत सरसकट जाळू नका. पीक निघाल्यावर कोळी तिथेच आसऱ्याला जातात.