ग्रेडियसमधल्या गोळ्या लुकलुकतात का?

ज्यांना एसटीत हेडफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

विषय आहे कोनामीचा 'ग्रेडियस'. १९८५ साली तो आर्केडमध्ये आला, १९८६ साली निन्तेंदोच्या फॅमिकॉमवर. डावीकडे आपलं 'विक वायपर' विमान, समोरून रांगेने येणारे शत्रू आणि मागे सरकत जाणारं अंतराळ. आपल्याकडे फॅमिकॉमच्या स्वस्त नकला 'टीव्ही गेम' म्हणून पोचल्या. कॅसेट फुंकून लावायची, तोच डबा.

यंदा गणपतीत गावी, पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकला, असाच एक डबा टीव्हीला जोडला. पुतण्या दोन मिनिटं खेळला आणि म्हणाला, "काका, हा बिघडलाय. गोळ्या मध्येच गायब होतात."

डबा बिघडलेला नव्हता. गोळ्या गायब होतात त्याला कारण आहे.

फॅमिकॉममध्ये चित्र काढणारी वेगळी चिप असते. हलणारी प्रत्येक गोष्ट ती छोट्या तुकड्यांतून बनवते. या तुकड्यांना स्प्राइट म्हणतात. एका वेळी पडद्यावर जास्तीत जास्त ६४ स्प्राइट चालतात. पण खरी मेख पुढे आहे: पडद्याच्या एका आडव्या ओळीत फक्त ८. स्प्राइटची रुंदी ८ पिक्सेल, ओळीची २५६. म्हणजे ओळीचा जेमतेम पाव भाग. नववा स्प्राइट आला की चिप तो काढतच नाही.

आता ग्रेडियस आठवा. विमान एकाच ओळीत, त्याच्या गोळ्या त्याच ओळीत, शत्रूही समोरून त्याच ओळीत. आडव्या खेळासाठी याहून वाईट मर्यादा नाही. आर्केडमध्ये विमानामागे चार 'ऑप्शन' फिरतात. फॅमिकॉमवर दोनच मिळतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. गोळी दिसणं आणि गोळी लागणं ही दोन वेगळी कामं आहेत. दाखवते चित्राची चिप; टक्कर मोजतो प्रोसेसर. त्यामुळे न दिसणारी गोळीसुद्धा तुम्हाला मारू शकते! आणि ग्रेडियसमध्ये मेलात की कमावलेली सगळी शस्त्रं जातात.

मग प्रोग्रामरनी काय केलं? स्प्राइटच्या यादीतला क्रम ते सतत बदलत राहिले. या फ्रेममध्ये एक वगळला, तर पुढच्या फ्रेममध्ये दुसरा. सेकंदाला ६० फ्रेम. कोणीच कायमचं अदृश्य होत नाही, सगळे आळीपाळीने लुकलुकतात. डोळ्यांना त्रास होतो, पण खेळाडूची फसवणूक होत नाही.

हा खेळ बनवणाऱ्यांनाही कठीणच होता. फॅमिकॉमवर तो आणताना काझुहिसा हाशिमोतो यांना चाचणीसाठी तो खेळणं जड जायला लागलं. म्हणून त्यांनी एक चोरवाट ठेवली: पॉज करा, मग वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. विमान शस्त्रांनी सज्ज! चाचणीची ही सोय विक्रीला गेलेल्या खेळातही राहिली आणि 'कोनामी कोड' म्हणून जगभर गाजली.

आजच्या काही एम्युलेटरमध्ये ८ स्प्राइटची मर्यादा काढून टाकायचा पर्याय असतो. तो खुशाल वापरा, लुकलुक थांबेल. पण आधी एकदा मूळ रूपात खेळा. गर्दी झाली की खेळ मंदावतो, कारण प्रोसेसरला एका फ्रेममध्ये हिशोब उरकत नाही. गंमत म्हणजे त्याच मंद क्षणी आपल्याला गोळी चुकवायला वेळ मिळतो.

पुतण्याला हे सांगितल्यावर तो पुन्हा बसला आणि गोळ्या कुठे लपतायत ते शोधायला लागला. तुम्हीही बघा, आणि कोणत्या टप्प्यावर अडकलात ते कळवा. भेटू पुढच्या भागात!