बाहेरून दहावी: १७ नंबरचा फॉर्म भरल्यानंतर

सहावी-सातवीत शाळा सुटलेल्या माणसाला दहावी व्हायचे असेल, तर आधी सातवी, मग आठवी, मग नववी असे सगळे जिने चढावे लागतात, असा समज अजून गावोगावी आहे. तो खरा नाही. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमांनुसार पाचवी उत्तीर्ण असलेला आणि वयाची १४ वर्षे पूर्ण केलेला कुणीही थेट दहावीला बसू शकतो. त्यासाठी भरायच्या अर्जाला लोक '१७ नंबरचा फॉर्म' म्हणतात आणि अशा परीक्षेला 'बाहेरून दहावी'. मंडळ या परीक्षार्थींना 'खासगी विद्यार्थी' म्हणते. बारावीही अशी देता येते. मात्र तेव्हा दहावी उत्तीर्ण होऊन दोन वर्षे झालेली असावी लागतात.

या वाटेने येणाऱ्यांची पार्श्वभूमी सारखी नसते. नववीनंतर लग्न झालेल्या मुली, आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली पोरे, गॅरेजमध्ये लागलेले तरुण, भरतीच्या जाहिरातीतली शैक्षणिक अट वाचून चाळिशीत जागे झालेले बाप. 'सैराट' चित्रपटानंतर चाहत्यांच्या गर्दीमुळे शाळेत जाणे अशक्य झालेल्या अभिनेत्री रिंकू राजगुरूनेही २०१७ मध्ये अकलूजला दहावी बाहेरूनच दिली. प्रमाणपत्र सगळ्यांना त्याच मंडळाचे मिळते. बाहेरून केलेली दहावी 'खरी' नव्हे, ही कुजबुज ज्यांना ऐकावी लागते त्यांनी ती मनावर घेऊ नये.

नोंदणी साधारण पावसाळ्यात होते, मुदत गेल्यावर विलंब शुल्क पडते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि फोटो एवढे हाताशी असले की काम भागते. मूळ दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेतून त्याची दुसरी प्रत काढावी लागते आणि सोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. शाळा बंद झाली असेल, दप्तर दुसरीकडे हलवले असेल, तर यातच महिना जातो. म्हणून दाखल्याची शोधाशोध मे महिन्यातच सुरू करावी. नाव आणि जन्मतारीख दाखल्यावर आहे तशीच भरावी. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या बायकांची इथे हमखास अडचण होते. दहावीचे प्रमाणपत्र पुढे आयुष्यभर जन्मतारखेचा पुरावा म्हणून लागते आणि त्यावरची चूक सुधारायला फार फेऱ्या पडतात.

अर्ज भरताना यादीतून एक शाळा निवडावी लागते. तिला संपर्क केंद्र म्हणतात. अर्जाची छापील प्रत आणि मूळ कागदपत्रे तिथे द्यायची असतात. बहुतेकांना वाटते, की झाले, आता थेट फेब्रुवारी-मार्चमध्ये पेपर. खरी जोखीम इथून पुढे आहे. १७ नंबरचा फॉर्म म्हणजे फक्त नावनोंदणी. परीक्षेचे आवेदनपत्र वेगळे असते, ते नंतर भरायचे असते आणि त्याचे शुल्कही वेगळे असते. ते राहून गेले तर नोंदणी असूनही हॉल तिकीट येत नाही आणि अख्खे वर्ष जाते.

दुसरी गोष्ट अंतर्गत गुणांची. दहावीच्या प्रत्येक विषयाच्या १०० गुणांपैकी २० लेखी परीक्षेबाहेरचे असतात: भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाची प्रात्यक्षिके, गणिताचा गृहपाठ आणि चाचणी. या २० गुणांचे वजन केवढे असते हे राज्याने एकदा पाहिले आहे. २०१९ च्या परीक्षेत भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल त्या वर्षी ७७.१० टक्क्यांवर आला, आणि पुढच्या वर्षी हे गुण परत आणावे लागले. रोज वर्गात बसणाऱ्या मुलाला तोंडी परीक्षेची तारीख आपोआप कळते. खासगी विद्यार्थ्याला ती कुणी सांगत नाही. त्यामुळे संपर्क केंद्र घराच्या किंवा कामाच्या जवळचे घ्यावे, तिथल्या कारकुनाचा आणि एखाद्या शिक्षकाचा फोन नंबर घ्यावा आणि महिन्यातून एकदा तरी तोंड दाखवावे. शाळांनीही या मंडळींचा एक व्हॉट्सॲप गट केला तर निम्मे घोळ टळतील. ही अपेक्षा मला मुळीच जास्त वाटत नाही.

अभ्यासाचे म्हणाल, तर बालभारतीची पाठ्यपुस्तके मोफत पीडीएफ स्वरूपात मिळतात. पण मोठ्या मुलाच्या जुन्या गाइडवर किंवा स्वतःच्या आठवणीवर विसंबू नये. भाषेचा पेपर आता कृतिपत्रिकेच्या रूपात येतो. संदर्भासह स्पष्टीकरणे पाठ केलेल्या पिढीला त्यातल्या आकलनाच्या कृती, स्वमत, बातमी किंवा जाहिरात लेखन नवे वाटते, आणि एकदा सराव झाला की सोपेही वाटते, कारण उत्तराचा बराच भाग दिलेल्या उताऱ्यातच असतो. गणित आणि विज्ञानाचे प्रत्येकी ४० गुणांचे दोन-दोन पेपर असतात. गणिताची धास्ती असलेल्यांनी नववीच्या पुस्तकापासून सुरुवात करावी. वाया गेल्यासारखे वाटणारे ते दोन महिने पुढे वसूल होतात. सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हात. दहा-पंधरा वर्षे सहीपलीकडे काही न लिहिलेल्या माणसाला सलग तीन तास लिहायचे असते. उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहतो. दिवाळीनंतर दर रविवारी घड्याळ लावून एक जुनी प्रश्नपत्रिका पूर्ण सोडवणे, याला पर्याय नाही.

इथे एक बोलायलाच हवे. दहावीच्या निकालाची टक्केवारी शंभरावर ठेवण्यासाठी काही शाळा नववीतल्या कच्च्या मुलांच्या हातात दाखला देतात आणि '१७ नंबर भर' म्हणून सांगतात. ज्या मुलाला शिक्षकाची सर्वाधिक गरज, त्याचाच शिक्षक काढून घ्यायचा, हा अन्याय आहे. हा फॉर्म सुटलेल्यांना परत आणण्यासाठी आहे. नापास होईल या भीतीपोटी शाळा मुलाला बाहेर काढू पाहत असेल, तर पालकांनी दाखल्याच्या अर्जावर सही करू नये आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी. तसेच 'पास करून देतो' म्हणत हजारो रुपये मागणाऱ्या एजंटांच्या नादी लागू नये. फॉर्म स्वतः भरता येतो.

एका फटक्यात सगळे विषय झेपणार नाहीत असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, हा दुसरा मार्ग आहे. तिथे एकदा प्रवेश घेतला की पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेची संधी मिळते, आणि विषय थोडे थोडे करून सोडवता येतात. राज्य मंडळातही एखाद-दुसरा विषय राहिला तरी १७ नंबरचा फॉर्म पुन्हा भरावा लागत नाही. त्याच संपर्क केंद्रातून पुनर्परीक्षार्थी म्हणून आवेदनपत्र भरायचे आणि राहिलेल्या विषयांची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी द्यायची. मात्र निकालानंतर या अर्जाला फार थोडे दिवस मिळतात, तेव्हा निकालाच्या दुसऱ्याच दिवशी शाळेत जावे.