फेकून देण्यासाठी छापलेलं

बॉस्टनच्या भिंतींवर 1851 साली एक पत्रक लागलं. तारीख 24 एप्रिल. वर ठसठशीत ‘सावधान’, पुढे दोन उद्गारचिन्हं. खाली अक्षरं लहानमोठी करत शहरातल्या काळ्या नागरिकांना इशारा दिलेला : पहारेकरी आणि पोलिसांशी बोलूसुद्धा नका, आता तेच माणसं धरून नेताहेत. मजकूर थिओडोर पार्कर या धर्मोपदेशकाचा. पळालेल्या गुलामांना उत्तरेतल्या राज्यांतूनही धरून नेण्याचा कायदा 1850 मध्ये आणखी कडक झाला होता. पत्रकाच्या बाराच दिवस आधी टॉमस सिम्स या तरुणाला बॉस्टनहून जॉर्जियाला परत धाडलं होतं.

असा कागद चार दिवस भिंतीवर राहिला तरी त्याचं काम झालं. तो जपायचं कुणाच्या मनातही नसतं, म्हणूनच तो दुर्मीळ. काही कागद तर मुद्दाम जाळले गेले. 1835 च्या जुलैमध्ये अमेरिकन गुलामगिरीविरोधी संस्थेने दक्षिणेत टपालाने पाठवलेले गठ्ठे चार्ल्स्टनच्या जमावाने पोस्ट फोडून काढले आणि त्यांची होळी केली.

संग्राहकांना एक गंमत ठाऊक असते. 1830 च्या दशकातली पत्रकं बहुधा चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर छापलेली, त्यामुळे आजही चिवट असतात. स्त्रीमताधिकाराची 1910 च्या सुमाराची स्वस्त पत्रकं मात्र लाकडाच्या लगद्याची. ती पिवळी पडतात, घडीवर तुटतात. म्हातारा कागद धडधाकट, तरुण आजारी! नकली प्रतींचाही सुळसुळाट आहे. गाजलेली भित्तिपत्रकं पुढे शोभेसाठी पुन्हापुन्हा छापली गेली. भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली, की ते फोटोवरून केलेलं पुनर्मुद्रण समजावं. खिळ्यांच्या छपाईचा दाब बऱ्याचदा कागदाच्या पाठीवर बोटाला लागतो.

मला स्वतःला भित्तिपत्रकांपेक्षा गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रीहक्कांसाठी बोलणाऱ्या सोजर्नर ट्रुथची फोटोकार्डं मोलाची वाटतात. तळहातात मावेल एवढं कार्ड. डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर शाल, हातात विणकाम. खाली तिचं नाव आणि ‘मी छाया विकते, देह चालवायला’ अशा अर्थाची ओळ. पाठीवर 1864 ची स्वामित्वहक्काची नोंद, तीही तिच्याच नावाने. जन्माने गुलाम असलेली, लिहितावाचता न येणारी ही बाई व्याख्यानांतून आणि टपालाने आपली छबी विकून खर्च भागवत होती. एकेकाळी जिच्या शरीराची विक्री झाली, तिने आपल्या चित्राची विक्री स्वतःच्या हाती ठेवली. हे कळायला चरित्राआधी ते कार्ड उलटून पाहावं.

गुलामगिरीविरोधी आणि स्त्रीहक्कांची, या दोन्ही चळवळी एकाच छापखान्यात भेटल्याचा पुरावाही आहे. सेनेका फॉल्सची स्त्रीहक्क परिषद 19 आणि 20 जुलै 1848 ला भरली. जाहीरनाम्यावर 68 स्त्रिया आणि 32 पुरुषांनी सह्या केल्या. त्याचं मूळ हस्तलिखित आज कुठेच सापडत नाही. उरली ती अहवालाची पुस्तिका. ती छापली रॉचेस्टरला, फ्रेडरिक डग्लस यांच्या ‘नॉर्थ स्टार’ या गुलामगिरीविरोधी वृत्तपत्राच्या छापखान्यात. आपल्याकडचंच पाहा : गुलामगिरी मोडणाऱ्या अमेरिकी लोकांना जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली, हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं. पुस्तक ग्रंथालयात टिकतं. सत्यशोधकी जलशांच्या हँडबिलांचं काय? कुणाच्या माळ्यावर असतील, तर रद्दीवाल्याआधी एखाद्या ग्रंथालयाला विचारा.

कागद वाचवले ते हट्टी माणसांनी. आर्थर शोम्बर्ग यांचा काळ्या लोकांच्या इतिहासाचा संग्रह 1926 मध्ये न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात गेला. स्त्रीमताधिकारासाठी लढलेल्या सुझन अँथनी यांनी 1903 मध्ये आपली पुस्तकं लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, त्यांत स्वतःच्या हाताने शेरे लिहून. जिनिव्हा या न्यूयॉर्क राज्यातल्या गावी एलिझाबेथ स्मिथ मिलर आणि त्यांची मुलगी अ‍ॅन यांनी मताधिकार चळवळीच्या कार्यक्रमपत्रिका, कात्रणं, फोटो चिकटवून वह्याच्या वह्या भरल्या.

बाजाराला मात्र अशी अख्खी वही परवडत नाही. ती फोडून नामांकित सहीचं पान वेगळं विकलं, की पैसे जास्त सुटतात. मग कुठल्या सभेनंतर कुठलं कात्रण लावलं होतं, कुणाचं पत्र कुणाच्या फोटोशेजारी होतं, याचा पत्ता लागत नाही. नामवंत सहीच्या सुट्या पानापेक्षा अनोळखी नावांची, डिंकाचे डाग पडलेली सलग वही मी केव्हाही जास्त पैसे मोजून घेईन.