एकाच आचेवर दोन कामे

वऱ्हाडातल्या गृहिणीला आचेचा हिशेब शिकवायला नको. भाकऱ्या उतरल्या की उरलेल्या निखाऱ्यांवर ती भरताचे वांगे टाकते. उरणच्या वायू विद्युत केंद्रात यंत्रांनीही तीच काटकसर केली आहे, फक्त तिथली चूल फार मोठी!

१९७४ साली मुंबई हायच्या समुद्रात तेल लागले, त्याच्या सोबतीने वायूही. तो नळाने उरणच्या किनाऱ्याला आला, आणि राज्य विद्युत मंडळाने १९८२ पासून तिथे वायूवरची जनित्रे उभी केली. या यंत्राला वाफ लागत नाही. हवा ओढून दाबायची, तिच्यात वायू पेटवायचा. हजार अंशांहून तापलेला झोत पाती गरगरा फिरवतो. विमानाच्या जेट इंजिनाचे थोरले भावंडच म्हणाना! पण बाहेर पडणाऱ्या झोतातही पाचशे अंशांच्या आसपास धग उरते. साध्या केंद्रात ती धुराड्यातून आकाशात जाते. उरणला पुढे ती बाष्पकांतून फिरवली. तिच्यावरच पाण्याची वाफ होते आणि वाफेवर दुसरी जनित्रे चालतात. वायूची चार जनित्रे प्रत्येकी १०८ मेगावॅटची, वाफेची दोन प्रत्येकी १२० ची. म्हणजे ४३२ वर २४० ची भर, आणि तीही जादा वायू न जाळता. यंत्रे मात्र कुणी फुकट देत नाही, हे ध्यानात असावे.

मेळघाटात सेमाडोहला आम्ही उतरलो असताना रात्री दिवे गेले. अंधारात सिपनेचा आवाज तेवढा येत होता. स्वयंपाक करणाऱ्या कोरकू काकांना मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. आपल्या अकोला जिल्ह्यातल्या पारसची कोळशाची वीज काय आणि उरणची काय, साऱ्या एकाच जाळ्यात मिसळतात, हेही सांगितले. काकांनी शांतपणे विचारले, “अन् साहेब, वायूच सरला तं?”

प्रश्न वर्मावर बोट ठेवणारा होता. गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाची कथा आठवा. एन्रॉनचा हा प्रकल्प १९९५ साली राज्य सरकारने रद्द केला, मग नव्याने करार झाला, आणि १९९९ साली पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. परदेशी इंधन, डॉलरशी बांधलेले दर, आणि वीज घ्या न घ्या, ठरावीक आकार भरायचाच! मंडळाला ते पेलेना. २००१ च्या मे महिन्यात खरेदी थांबली, यंत्रे थांबली. डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. यंत्रे उत्तम असून उपयोग काय? २००५ साली सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हाती घेतला. पुढे २०१३ च्या सुमारास देशातला वायू आटला, तेव्हा तो पुन्हा बंद पडला. २०१५ च्या अखेरीस रेल्वेला वीज देण्यासाठी काही भाग चालू झाला.

तरीही या यंत्रांना मोडीत काढा म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. कोळशाचे थंड बाष्पक तापायला कित्येक तास लागतात. वायूचे जनित्र काही मिनिटांत वेग घेते. आता दिवसा सूर्याची वीज भरपूर मिळू लागली आहे, पण ती नेमकी दिवेलागणीला मावळते. राखेचा डोंगरही मागे राहत नाही.

काकांना मी एवढेच सांगितले, की उरणलाही पूर्वीइतका वायू मिळत नाही आणि सगळी जनित्रे एकदम क्वचितच चालतात. त्यांनी मान डोलावली आणि कंदिलाची वात जरा खाली केली.