विळ्याच्या आकाराची रक्तपेशी

दसरा झाला की हलके धान कापणीला येते आणि सडक अर्जुनीच्या परिसरात घरोघरी विळ्यांना धार लावण्याची घाई सुरू होते. इकडच्या बोलीत विळ्याला ‘इळा’ म्हणतात आणि इंग्रजीत ‘सिकल’. पण गोंदिया, भंडारा, गडचिरोली या भागांत ‘सिकल’ हा शब्द शेतातून नव्हे, तर दवाखान्यातून घराघरांत आला आहे. ‘सिकलसेल’ हा रक्ताचा आनुवंशिक रोग येथे पुष्कळ कुटुंबांत आढळतो.

निरोगी माणसाची तांबडी रक्तपेशी वाटोळी, मधोमध चेपलेली आणि अतिशय लवचिक असते. तिचा व्यास सात-आठ मायक्रॉन. पण त्याहून अरुंद केशवाहिनीतूनही ती अंग चोरून सहज निघून जाते. सिकलसेलच्या रोग्यात ही पेशी ऑक्सिजन देऊन झाल्यावर ताठर होते आणि विळ्यासारखी वाकते. अशा पेशी केशवाहिनीत अडकल्या म्हणजे पुढचा भाग उपाशी राहतो व असह्य वेदना सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रोग्याच्या अंगात रक्त कमी असते व डोळे पिवळसर दिसतात.

ग्रेनेडा बेटावरून शिकागोला दंतवैद्यक शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात अशा पेशी दिसल्याचे डॉ. हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. भारतात १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष सापडला आणि १९५८ साली शुक्ला व सोलंकी यांनी नागपूरकडील रुग्णांविषयी लिहिले. हा केवळ आदिवासींचा रोग आहे, ही समजूत मात्र चुकीची आहे. विदर्भात तो अनेक जातीजमातींत आढळतो.

आता भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला या रोगात एवढा रस का, असे कोणी विचारील. कारण असे की, या रोगाचे मूळ विद्युत् भाराच्या साहाय्याने सापडले! तांबड्या पेशीत हीमोग्लोबिन नावाचे प्रथिन असते. रोग्याचे हीमोग्लोबिन व निरोगी माणसाचे हीमोग्लोबिन विद्युत् क्षेत्रात ठेवले, तर त्यांचा वेग सारखा नसतो, असे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली दाखवून दिले. अर्थात दोहोंवरील भार वेगळा असला पाहिजे. पुढे काही वर्षांतच व्हर्नन इन्ग्रॅम यांनी नेमकी जागा शोधली. हीमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या व एकूण ५७४ अमिनो अम्ले असतात. त्यांपैकी दोन बीटा साखळ्यांत सहाव्या जागी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलिन आलेले असते. बाकी ५७२ जागी काहीही फरक नाही!

ग्लुटामिक अम्लावर ऋण भार असतो, व्हॅलिनवर नसतो. त्यामुळे अल्कधर्मी द्रावणात दोन्ही प्रकारची हीमोग्लोबिने धनाग्राकडे सरकतात खरी, पण दोषी हीमोग्लोबिन मागे रेंगाळते. थोड्या वेळाने पट्टीवर दोन वेगळे पट्टे दिसू लागतात. या पद्धतीला विद्युत्‌कण-संचलन म्हणतात. निरोगी माणसाचा पट्टा ‘ए’ जागी येतो, रोग्याचा ‘एस’ जागी. ज्याच्या रक्तात दोन्ही पट्टे उमटतात, तो ‘एएस’ म्हणजे वाहक. आज याच कामासाठी एचपीएलसी नावाचे यंत्रही वापरतात.

वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. आईकडून एक व वडिलांकडून एक अशी दोन जनुके मिळतात. दोन्ही सदोष असली तर मूल ‘एसएस’, म्हणजे रोगी. एकच सदोष असेल तर माणूस सामान्यतः आयुष्यभर ठणठणीत राहतो. एवढेच नव्हे, तर वाहकाला तीव्र मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, असे अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली दाखवले. मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा दोष टिकून का राहिला, याचे कारण त्यात आहे.

दोन वाहकांचा विवाह झाला तर? दोन नाणी एकदम उडवून पाहा. दोन्ही छापे पडण्याची शक्यता चारात एक. तीच मूल रोगी असण्याची शक्यता. पहिले मूल रोगी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे मात्र नाही. नाणी दर वेळी नव्यानेच उडतात. उलट, जोडीदार ‘एए’ असेल आणि थॅलसेमियासारख्या दोषाचाही वाहक नसेल, तर मूल सिकलसेलचे रोगी होणार नाही. असे असताना ‘एएस’ एवढे ऐकून मुलीचे लग्न मोडणे म्हणजे निव्वळ अडाणीपणा होय. दोघांचीही तपासणी लग्नाआधी झालेली बरी.

जन्मतःच रोग कळला तर मुलाचा फायदा फार मोठा. पहिल्या वर्षांत अशा बाळांना जंतुसंसर्ग झपाट्याने होतो. रोज पेनिसिलीन दिल्याने हा धोका पुष्कळ घटतो, हे १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने सिद्ध झाले. जमेका बेटात तर आयांना बाळाची प्लीहा (पाणथरी) हाताने चाचपायला शिकवले; ती एकाएकी वाढली की दवाखाना गाठायचा. त्यामुळे मृत्यू कमी झाले. हातापायांच्या पंजांवर सूज, ताप, वारंवार अंगदुखी ही लक्षणे दिसताच डॉक्टरांकडे जावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने वेदनांचे झटके कमी होतात, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. भरपूर पाणी पिणे आणि थंडीपासून जपणे हे घरीही करता येते.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेला प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट. अशा तपासणीत पुष्कळदा आधी विद्राव्यता चाचणी करतात. रक्ताचे थेंब एका रासायनिक द्रावणात टाकतात आणि नळीमागे काळ्या रेघांचा कागद धरतात. दोषी हीमोग्लोबिन विरघळत नाही, द्रावण गढूळ होते व रेघा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त व झटपट आहे, परंतु तिला दोन मर्यादा आहेत. सहा महिन्यांच्या आतील बाळात गर्भावस्थेतील हीमोग्लोबिन जास्त असल्याने दोष निसटू शकतो. शिवाय वाहक व रोगी दोघांचेही द्रावण गढूळच होते. तेव्हा कागदावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेले असेल, तर तपासणी अर्धीच झाली आहे. ‘एएस’ की ‘एसएस’ हे पुढच्या चाचणीनेच कळेल.