पाटी कोणी पुसायची?

कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोलीजवळच्या वारणानगर परिसरात १९९८ साली सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. अशा जाळ्यातून माहिती सलग वाहत नाही. तिचे छोटे तुकडे केले जातात. तुकडा संगणकात पोचला की त्याला स्मृतीत तात्पुरती जागा लागते. काम संपल्यावर ती जागा मोकळी करणे ही कार्यप्रणालीच्या गाभ्याची जबाबदारी. दिसायला साधी, पण फसवी.

वर्गात आपण हे करून पाहू. टेबलावर दहा पाट्या ठेवा. आलेला निरोप पाटीवर लिहून पुढे द्यायचा. वाचून झाला की पाटी पुसून ढिगात ठेवायची. पुसायचे राहिले तर? एकेक पाटी अडकून पडते आणि अखेर नव्या निरोपाला पाटीच उरत नाही. ही झाली ‘स्मृतिगळती’. उलट चूक अधिक घातक. एकच पाटी दोघांना हवी आहे. पहिल्याने ती पुसून ढिगात ठेवली, तिसऱ्याने तिच्यावर नवा निरोप लिहिला. आता दुसरा भलताच मजकूर आपला समजून वाचणार!

उपाय सोपा आहे. पाटी जितक्यांना हवी, तितक्या रेघा तिच्या कोपऱ्यात ओढायच्या. ज्याचे काम झाले त्याने एक रेघ पुसायची. शेवटची रेघ पुसणाऱ्यानेच पाटी पुसायची. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेल्या ‘लिनक्स’च्या गाभ्यात अशीच मोजणी असते.

तरीही चूक झालीच. ‘डीसीसीपी’ ही माहिती पाठवण्याची एक पद्धत. तिच्या आज्ञावलीतला दोष २०१७ साली आंद्रेई कोनोवालोव यांनी उजेडात आणला. जोडणीची विनंती घेऊन आलेला तुकडा काही वेळा पुढे लागेल म्हणून राखून ठेवला जाई. त्यासाठी एक रेघही वाढवली जाई. पण त्यानंतरची आज्ञा रेघा न पाहताच पाटी पुसून टाकी! हा दोष दहा वर्षांहून अधिक काळ दडून होता. त्याचा फायदा घेऊन एखादा साधा वापरकर्ता संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत असे. दुरुस्ती मात्र मोजक्या ओळींची: थेट पुसणाऱ्या आज्ञेऐवजी रेघा मोजून पुसणारी आज्ञा घातली गेली.

आता मुलांना विचारा: रेघ वाढवायला विसरलो तर काय होईल? आणि कमी करायला विसरलो तर? दोन्ही उत्तरे वेगळी आहेत. ती सांगून टाकू नका. पाट्या हातात देऊन मुलांनाच शोधू द्या, असे आम्ही सुचवतो.