विश्लेषण : बरा होणारा कर्करोग, तरी मुलांचे उपचार अर्ध्यावर का सुटतात?

मुलांमधील बरेचसे कर्करोग वेळेत आणि पूर्ण उपचार मिळाल्यास बरे होतात. तरीही अनेक कुटुंबे उपचार मध्येच सोडून गावी परततात. औषध मोफत मिळाले, तरी राहायचे कुठे, खायचे काय आणि घरच्या शेताचे काय, हे प्रश्न सुटत नाहीत. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने याच प्रश्नांना उपचाराचा भाग मानले आणि चित्र बदलले. ते कसे?

जगातली दरी किती मोठी?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी जगभरात सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. उशिरा होणारे निदान, औषधांचा तुटवडा आणि उपचारांतील गुंतागुंत ही या दरीची कारणे आहेतच. त्यांच्या बरोबरीने आणखी एक कारण सांगितले जाते, ते म्हणजे उपचार अर्ध्यावर सोडणे. २०३० पर्यंत किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट संघटनेने २०१८ मध्ये ठेवले. ते गाठायचे तर सुरू झालेले उपचार पूर्ण होणे ही पहिली अट आहे.

‘उपचार सोडणे’ म्हणजे नेमके काय?

बरे होण्याच्या उद्देशाने ठरलेले उपचार सुरूच न करणे किंवा सलग चार आठवडे अथवा त्याहून अधिक काळ उपचारांना न येणे, याला वैद्यकीय भाषेत उपचार सोडणे म्हणतात. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग रक्ताचा. त्यातील प्रमुख प्रकाराचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिले काही महिने सर्वांत कठीण असतात. वारंवार केमोथेरपी, रक्त तपासणी, रक्त किंवा प्लेटलेट चढवणे, मध्येच ताप, पुन्हा भरती असा क्रम चालू राहतो.

गोंधळ नेमका इथेच होतो. पहिल्या महिनाभराच्या उपचारानंतर बहुतेक मुलांच्या रक्तात सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी दिसेनाशा होतात. ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. आईवडिलांना वाटते, पोर बरे झाले. पण लपलेल्या पेशी शिल्लक असतात. या टप्प्यावर उपचार थांबले, की आजार बहुधा उलटतो आणि दुसऱ्या वेळी तो बरा करणे अधिक अवघड व अधिक खर्चाचे असते.

योजना असताना पैसा आड येतो का?

महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. त्यात कर्करोगाच्या उपचारांचाही समावेश आहे. मुख्यमंत्री सहाय्यता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी आणि धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटा हेही मार्ग आहेत. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात.

पण रुग्णालयाचे बिल हा खर्चाचा एकच भाग झाला. समजा, नांदेड जिल्ह्यातील किनवट तालुक्यातल्या एका शेतमजूर कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. आईवडील तिला घेऊन नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबईला आले. औषधे योजनेतून मिळाली. पण परळमध्ये खोलीचे भाडे परवडत नाही. दोघांचीही मजुरी बुडाली. मोठा मुलगा आजीकडे आहे आणि त्याची शाळा सुटायच्या बेतात आहे. कापूस वेचणीचे दिवस आले, उचल फेडायची आहे. अशा वेळी वडील गावी जातात, आई एकटी राहते आणि दोन महिन्यांनी तीही मुलीला घेऊन परत जाते. हा निष्काळजीपणा म्हणता येत नाही. घर चालवायचे की उपचार, असा हिशेब त्या कुटुंबापुढे असतो.

टाटा रुग्णालयाने काय केले?

टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागात २००९ च्या सुमारास दर पाचांपैकी जवळपास एक मूल उपचार नाकारत होते किंवा मध्येच सोडत होते. २०१० पासून रुग्णालयाशी संलग्न ‘इम्पॅक्ट फाऊंडेशन’च्या माध्यमातून दोन गोष्टी एकत्र सुरू झाल्या. पहिली, कुटुंबाला सर्वांगीण आधार : आर्थिक मदत, निवास, आहार, रक्ताची सोय, समुपदेशन. दुसरी, प्रत्येक मुलावर सतत लक्ष. ठरलेल्या तारखेला मूल आले नाही, की फोन जातो, कारण विचारले जाते आणि अडचण सोडवून कुटुंबाला परत बोलावले जाते. काही वर्षांतच उपचार सोडण्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले.

या कामात वैद्यकीय समाजसेवक हा डॉक्टर आणि परिचारिकेइतकाच महत्त्वाचा दुवा ठरतो. कुटुंब कुठे उतरले आहे? कमावणारे कोण? शिधापत्रिका आणि आधार कार्डावरची नावे जुळतात का? दिलेला फोन नंबर घरचा की शेजाऱ्याचा? गावी राहिलेल्या मुलांकडे कोण बघते? पहिल्याच दिवशी हे प्रश्न विचारले, तर कोणते कुटुंब आधी डगमगेल याचा अंदाज येतो. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने योजनेची मंजुरी अडू शकते. तो फरक वेळीच हेरणारा माणूस उपचारांचे कित्येक दिवस वाचवतो.

खोली आणि जेवण हे उपचार कसे?

केमोथेरपीने पांढऱ्या पेशी कमी होतात. अशा मुलाला ताप आला, तर तासाभरात प्रतिजैविक सुरू होणे जीव वाचवणारे ठरू शकते. मूल पदपथावर, अस्वच्छ जागेत राहत असेल तर संसर्गाचा धोका वाढतो आणि दूर राहत असेल तर रुग्णालयात पोहोचायला उशीर होतो. म्हणून जवळची स्वच्छ खोली ही केवळ सोय राहत नाही.

मुंबईत ही परंपरा जुनी आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करोगाच्या असंख्य रुग्णांना आसरा दिला आहे. २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स’ने केवळ मुलांसाठी निवास उभे केले. तिथे प्रत्येक कुटुंबाला मोफत स्वतंत्र जागा आणि सामायिक स्वयंपाकघर मिळते. आईला आपल्या हाताने वरणभात, भाकरी करून मुलाला घालता येते. परक्या शहरात तेवढाही आधार मोठा असतो.

आहाराचेही तसेच. कुपोषित मुलाला केमोथेरपीचे दुष्परिणाम अधिक सोसावे लागतात, मात्रा पुढे ढकलाव्या लागतात. ‘कडल्स फाऊंडेशन’सारख्या संस्था रुग्णालयांत आहारतज्ज्ञ देतात आणि मुलांना पूरक आहार पुरवतात. शाळा सुटू नये म्हणून ‘कॅनकिड्स’ संस्थेची ‘कॅनशाला’ उपचार घेणाऱ्या मुलांना शिकवते.

कुटुंबांना कोणत्या सवलती माहीत हव्यात?

कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी प्रवास करताना रेल्वेच्या स्लीपर आणि थर्ड एसी डब्यात भाड्यात पूर्ण सवलत मिळते. सोबतच्या व्यक्तीला या वर्गांत ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाने ठरावीक नमुन्यात दिलेला दाखला लागतो. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेमुळे गावच्या शिधापत्रिकेवरील धान्य मुंबईतल्या रास्त भाव दुकानातही उचलता येते. सरकारी रुग्णालयांत अशी माहिती देण्यासाठी समाजसेवा अधीक्षकाचे पद असते. नोंदणीच्या दिवशीच त्यांना भेटणे हिताचे.

मुलींचे काय?

उपचार सोडण्याच्या आकडेवारीत फक्त रुग्णालयापर्यंत आलेली मुले मोजली जातात. जी आलीच नाहीत, ती त्यात नसतात. भारतातील नोंदींच्या अभ्यासांत कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलग्यांची संख्या मुलींपेक्षा बरीच जास्त दिसते आणि एवढा फरक केवळ शरीरशास्त्राने समजावून सांगता येत नाही. प्रवासाचे अंतर आणि उपचारांचा खर्च वाढला, की ही तफावत आणखी रुंदावते. म्हणजे मुलीसाठी एवढे लांब जायचे का, हा प्रश्न गावातच निकाली निघतो. तिथवर पोहोचणारी माणसे म्हणजे आशा, अंगणवाडी सेविका आणि २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची तपासणी पथके. न उतरणारा ताप, अंगावरचे काळेनिळे डाग, वाढत जाणारी गाठ किंवा डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक ही लक्षणे त्यांना ओळखता आली, तर निदान लवकर होऊ शकते.

पुढे काय?

येत्या तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगासाठी डे केअर केंद्रे उभारण्याची घोषणा केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केली. कठीण टप्पा मोठ्या केंद्रात आणि नंतरच्या मात्रा घराजवळ, अशी विभागणी झाली तर मुलांचे कितीतरी प्रवास वाचतील. मात्र त्यासाठी तिथे मुलांवर उपचार करू शकणारे प्रशिक्षित डॉक्टर, परिचारिका आणि मोठ्या रुग्णालयाशी रोजचा संपर्क लागेल.

दुसरा प्रश्न पैशांचा. आज निवास, आहार आणि पाठपुरावा यांचा बराच भार देणगीदार आणि संस्था उचलतात. देणगी जिथे पोहोचते, तिथेच हा आधार मिळतो. मुंबईत नोंदणी झालेल्या मुलाला खोली मिळते, पण लहान शहरातील रुग्णालयात त्याच आजाराच्या मुलाला ती मिळेलच असे नाही. मुंबईचा अनुभव सांगतो, की अशा आधाराने मुले उपचारांत टिकतात. तो सरकारी योजनेच्या पॅकेजमध्ये कधी येणार, हे ठरायचे बाकी आहे.